कारणाचा रकाना

शाळेत संशोधन करायला आलेली माणसं मला फाटकातूनच ओळखू येतात. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर दया. एखाद्या पोराला धरतात आणि विचारतात, तुला शाळा आवडते का? मागे वर्गशिक्षिका उभी. पोरगं काय सांगणार, डोंबल? आवडते म्हणतं. ते लिहून घेतात, चहा पितात, जातात. कप मी धुते.

मी इथली शिपाई. बावीस वर्षं झाली. घंटा मी देते, फाटक मी उघडते, वर्गावर्गातून नोटीस मी फिरवते आणि कोणाच्या पोटात दुखलं की पहिलं मला सांगतात. पोरं मावशी म्हणतात, त्यांच्या आया मावशी म्हणतात, आणि मोठे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, माझ्याहून चार वर्षांनी मोठे असून तेही मावशीच म्हणतात. स्वभावानं मी तिखट आहे. मला माहीत आहे, कोणी सांगायची गरज नाही.

तर आमच्या ऑफिसबाईंनी एक दिवस डबा खाता खाता मला सांगितलं की त्यांनी पीएचडीला नाव घातलंय. वय वर्षं सेहेचाळीस. माझा घास हातातच राहिला. म्हटलं, बाई, तुम्हीसुद्धा? आता तुमचेही कप मीच धुवायचे का?

ऑफिसबाई म्हणजे शाळेच्या हेडक्लार्क. त्यांना खरं नाव आहे, पण पोरांनी पहिल्याच वर्षी ऑफिसबाई केलं ते कायमचं चिकटलं. ऑफिसला एक खिडकी आहे, बरोबर पाचवीतल्या पोराच्या नाकाएवढ्या उंचीवर. दाखले, बसच्या पासाचे फॉर्म, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या, सगळा कारभार त्या खिडकीतून. बाई कामाला वाघ. मोठ्या सरांना एखादं परिपत्रक सापडेना की बाई मान वर न करता सांगायच्या, निळी फाईल, मागून तिसरा कागद. आणि तो तिथेच असायचा. त्या कधी मान वर करत नाहीत याचं आम्हा सगळ्यांना केवढं कौतुक होतं.

पीएचडीचं खूळ डोक्यात शिरलं ते अशाच एका संशोधक मुलीमुळे. ती दोन दिवस ऑफिसात बसली, बाईंकडून सगळे आकडे घेतले, आणि वर्षभरानं तिचा जाडजूड अहवाल टपालानं शाळेत आला. त्यात एक वाक्य होतं, की शाळेच्या कार्यालयाची विद्यार्थ्यांच्या जीवनातली भूमिका नगण्य आहे. बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, नगण्य म्हणजे कोण, मावशी, तुम्ही का मी? म्हटलं, दोघी. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग चिडल्या. असल्या चिडल्या की दुसऱ्या महिन्यात विद्यापीठात जाऊन फॉर्म भरून आल्या. एमए त्यांनी नोकरी करता करताच केलं होतं, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं.

विषय घेतला, सार्वजनिक शाळेचा कार्यालयीन कारभार आणि विद्यार्थ्यांचं रोजचं जीवन. मार्गदर्शक सर त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. बाईंचे मिस्टर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. ते म्हणाले, कर बाई, पण दवाखान्यात डॉक्टरांचा नवरा म्हणून मला रांगेत पुढे सोडणार असतील तरच.

सहा वर्षं चाललं ते. सकाळी शाळेआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मधल्या सुट्टीत ऑफिसच्या टेबलावर. पुस्तकांना भाजीचे डाग आणि भाजीत पुस्तकातलं बोलणं. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, हे लेखी कळवलं. तीस तारखेपर्यंत प्रबंध जमा झाला तर ठीक, नाहीतर नाव रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. ते पत्र बाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मी तिथं पुसताना रोज वाचायचे.

प्रबंधाचा सगळा जीव होता चौथ्या प्रकरणात, आणि ते प्रकरण उभं होतं आमच्या उशिराच्या रजिस्टरावर. हे रजिस्टर म्हणजे काय ते सांगते. दुसरी घंटा झाली की फाटक बंद. त्यानंतर येईल त्यानं छोट्या दारातून यायचं, ऑफिसच्या खिडकीपाशी रांग लावायची. बाई रजिस्टरात लिहिणार: तारीख, नाव, वर्ग, किती मिनिटं उशीर, कारण. मग चिठ्ठी फाडून देणार. चिठ्ठीशिवाय वर्गात घेत नाहीत. अकरा वर्षांची रजिस्टरं कपाटात होती. बाईंनी ती सगळी कॉम्प्युटरवर चढवली. सहा हजार दोनशे चौदा नोंदी. आणि हिशेब निघाला की शंभरातली बाहत्तर पोरं उशिरा येतात ती एकाच कारणानं: घरी काम.

मार्गदर्शक सर तर खुर्चीतून उठलेच म्हणे. इतकी वर्षं सलग ठेवलेली नोंद कोणाकडेच नसते, म्हणाले. आमच्या मोठ्या सरांचं तर नाचायचंच बाकी राहिलं, कारण दोष घरच्यांचा निघाला, शाळेचा नाही. पालकसभेत त्यांनी दोनदा सांगितलं, आता हे संशोधनानं सिद्ध झालेलं आहे. बाईंनी शेवटी शिफारस लिहिली की पालकांचं प्रबोधन करावं. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तीस तारखेला चार आठवडे राहिले आणि टायपिंग करून करून बाईंचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पेन धरायचं नाही म्हणून सांगितलं. सोमवारी सकाळी बाई म्हणाल्या, मावशी, तेवढं उशिराचं रजिस्टर तुम्ही लिहा, मी शिक्के मारते.

आता माझं अक्षर म्हणजे आडवं पसरलेलं, आणि मी लिहिते सावकाश. ऑफिसबाई मिनिटाला चार पोरं काढायच्या, माझ्याकडे एकाला मिनिट लागायला लागलं. रांग पार नळापर्यंत गेली. पण मी रकाने वाचले आणि भरले. शेवटचा रकाना कारणाचा, म्हणून पहिल्याच पोराला विचारलं, का रे उशीर? त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाला, खरं कारण सांगू?

मी म्हटलं, नाही, माझ्या मनातलं सांग.

मग काय, धरणच फुटलं. एकाला बुटाचा जोड सापडत नव्हता, डावा ह्याचा आणि उजवा भावाचा घालून आला होता. एक म्हणाला, उशिरा निघालं की रस्ता मोकळा असतो, चालायला बरं वाटतं. एकीनं सांगितलं की ती आणि तिची मैत्रीण भांडल्यात, आणि ती पुढे जाईपर्यंत ही कोपऱ्यावर थांबते. पाच-सहा पोरं एकाच बाजूनं येणारी, त्यांचं म्हणणं एकच: मागचं फाटक बंद झाल्यापासून सगळ्या भिंतीला वळसा घालून यावं लागतं. मी सगळं लिहिलं. रकाना पुरेना तर समासात लिहिलं.

शुक्रवारी पोरं वर्गात गेल्यावर बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि वाचायला लागल्या. आधी हसत होत्या. बुटाशी आल्या तेव्हा डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू कमी कमी होत गेलं. पान उलटून परत मागे आल्या. मला विचारलं, मावशी, ह्यात घरी काम कुठंय? म्हटलं, आहे की एक, बुधवारी, तो धाकट्या भावाला तयार करत होता.

बाई उठल्या. कपाटातली जुनी रजिस्टरं काढली, एकेक उघडून टेबलावर ठेवली. मीही पाहिलं. पानामागून पान, घरी काम, घरी काम, घरी काम, एका दमात लिहिलेलं, एकाच हाताचं. तो हात आता पट्ट्यात होता. पहिल्या वर्षी त्या विचारायच्या, हे मला आठवतं. बरीच पोरं तेव्हा म्हणायचीही घरी काम होतं. मग रांगा वाढल्या, पोरं त-त-प-प करायला लागली की वेळ जायचा, आणि कधीतरी हातानंच ते दोन शब्द पाठ केले. पोरगं तोंड उघडायच्या आत कारण लिहून चिठ्ठी फाटलेली असायची. मी तिथेच उभी असायचे, दाराला टेकून. मला कधी काही वाटलं नाही.

"मावशी," बाई म्हणाल्या, "हे पोरांनी सांगितलेलं नाही. हे मी सांगितलंय. सहा वर्षं मी माझ्याच अक्षराचा अभ्यास करतेय."

मला त्यांची इतकी दया आली की मी चिडले. बाई, शहाणपणा करू नका, म्हटलं. हे अक्षर तुम्हाला आणि मला सोडून कोणाला ओळखू येणार आहे? तीस तारीख जाऊ दे, डिग्री पदरात पडू दे, मग काय तो पश्चात्ताप करा, सुट्टी टाकून करा. बाईंनी रजिस्टरं मिटली. मला वाटलं, पटलं. आणि मग त्यांनी हळूच विचारलं, उशिराची पत्रं किती गेली असतील हो?

वीसदा उशीर झाला की घरी पत्र जातं, असा नियम आहे. पत्र बाईच टाईप करतात, कारण रजिस्टरातून उतरवतात. आपली मुलगी घरकामामुळे वारंवार उशिरा येते, तरी समक्ष भेटावे. पत्र गेलेल्यांतली एक आई आम्हाला दोघींना एकदमच आठवली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, आठवीतल्या एका उंच मुलीची आई. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तसाच राहिलेला. मोठ्या सरांनी तिला चांगलं अर्धा तास ऐकवलं. ती म्हणाली, सर, घरी मी तिला कप उचलू देत नाही. तर सरांनी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे धरलं, हे बघा, लिहिलेलं आहे. तिनं ते बराच वेळ वाचलं आणि म्हणाली, असेल सर, लक्ष ठेवते. रजिस्टर आत नेऊन देणाऱ्या ऑफिसबाई होत्या, आणि खुर्ची देणारी मी.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं. तीन जिने चढून, कापडी पिशवीत रजिस्टर घेऊन. मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला. माणूस वाईट नाही, घाबरला होता. म्हणाला, मर्यादा म्हणून एक भाग असतो, त्यात एक ओळ घाला, नोंदींमध्ये काही त्रुटी असू शकतात, आणि जमा करून टाका. बाई म्हणाल्या, शंभरातल्या बाहत्तर चुका एका ओळीत कशा बसवू, सर? मग सर माझ्याकडे वळले. अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही, मग तुम्ही पोरांना कारण का विचारलंत, म्हणाले.

म्हटलं, रकाना होता म्हणून.

सर हसायला लागले ते थांबेनात. मग म्हणाले, ठीक आहे, चौथं प्रकरण मोडा आणि नवीन लिहा, तीन आठवडे आहेत. पण एक अट घातली. चूक कार्यालयाकडून झाली असं लिहा, तुम्ही केली असं लिहू नका आणि तोंडी परीक्षेत बोलू तर अजिबात नका. बाहेरून येणाऱ्या परीक्षक कडक आहेत. संशोधकानंच स्वतःची सामग्री खोटी लिहिली असं कानावर पडलं, तर सगळा प्रबंध परत पाठवतील. बाईंनी मान डोलावली. मी तर दोनदा डोलावली.

रविवारी आम्ही त्या आईकडे गेलो. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, सगळीकडे कापडाचे तुकडे. बाईंनी न अडखळता सगळं सांगितलं. मशीनवरचा पाय थांबला. मुलगी आता कॉलेजात जाते, दारात उभी राहिली तर डोकं चौकटीला लागेल अशी. तिला विचारलं, तेव्हा खरं कारण काय होतं गं? ती लाजून हसली. परिपाठाला उंचीप्रमाणे उभं करायचे, ती मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी, आणि मागे मुलांची रांग. टॉवर म्हणायची पोरं. म्हणून परिपाठ संपेपर्यंत ती समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहायची. घरून वेळेवर निघालेली असायची बिचारी.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, बाई," ती म्हणाली. "पण तुमची चिठ्ठी आधीच फाडून झालेली असायची."

बाईंनी हात जोडले. तर आई म्हणाली, मला माफी नको. माझ्या सासूबाईंनी ते पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेतलं, तेव्हापासून पोरीला राबवलंस म्हणून मला ऐकवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. माझ्या आईकडे जाऊनसुद्धा सांगून आल्या. तुम्ही हे त्यांच्यासमोर सांगा. सासूबाई तेव्हा नणंदेकडे गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, त्या आल्या की मी परत येते. पण ती काही कच्ची नव्हती. घरी नको, म्हणाली, त्यांना वाटेल मीच पढवून आणलंय. जिथे मोठ्या लोकांसमोर बोलणार आहात, तिथे मी त्यांना घेऊन येईन.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते. मी बाईंच्या पाठीला चिमटा काढला, पण त्यांच्या तोंडून हो निघून गेलं होतं. खाली उतरल्यावर म्हटलं, सरांना एक कबूल केलंत आणि हिला दुसरं. आता काय करणार? त्या म्हणाल्या, लिहून तर होऊ दे.

लिहिणार कशी, हात पट्ट्यात. मग मिस्टर बसले टायपिंगला, दोन बोटांनी. बाई सांगायच्या आणि ते मध्येच थांबून विचारायचे, हे वाक्य एवढं लांब कशाला, आमच्या दुकानात एवढ्यात दोन गिऱ्हाइकं होतात. प्रकरण पुढे सरकायचं कमी, भांडणं जास्त. इकडे खिडकीत मी रोज विचारून विचारून लिहीत होते. पोरांना त्याची अशी गोडी लागली की वेळेवर आलेली चार टाळकीही रांगेत उभी राहायला लागली. त्यांना मी पिटाळून लावलं.

मोठ्या सरांचं पत्र लागणार होतं, रजिस्टरं वापरायला शाळेची परवानगी आहे असं. नवीन प्रकरण वाचून त्यांचा तिळपापड झाला. शाळेची अब्रू काढताय, म्हणाले, सही देणार नाही. बाईंनी पोरांच्या कारणांची यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि आम्ही दोघी बाहेर येऊन बसलो. सगळ्यात वर मागचं फाटक होतं, आणि फाटक बंद करायचा हुकूम सरांचाच होता. दुसऱ्या नंबरवर सतरा पोरांचं एकच कारण होतं, परिपाठातलं मोठ्या सरांचं भाषण संपेपर्यंत बाहेर थांबलो. मग एकदम हसू ऐकू आलं, मोठ्यानं, एकट्याचंच. दुसऱ्या दिवशी सही मिळाली. सोमवारपासून मागचं फाटक उघडलं आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात पडली. रोज दोनदा तंगडतोड. संशोधनाचा हा असा फायदा होतो.

तीस तारखेला दुपारी चार वाजता प्रबंध जमा झाला. कचेरी पाचला बंद होते.

तोंडी परीक्षा पाच महिन्यांनी ठेवली. मी रजा टाकून गेले, चांगले कपडे घालून, पुढच्या रांगेत मिस्टरांच्या शेजारी. त्यांनी चष्मा इतक्या वेळा पुसला की काच झिजली असेल. बाहेरच्या परीक्षक म्हणजे एक वयस्क बाई, बारीक आवाजाच्या, सगळ्या पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. तिसऱ्या रांगेत ती शिवणकाम करणारी आई, तिची उंच लेक, आणि दोघींच्या मध्ये काठी धरून बसलेल्या सासूबाई. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

ऑफिसबाई छान बोलल्या. फाटकाचं सांगितलं, परिपाठाचं सांगितलं, लोक हसले, माना डोलावल्या. मार्गदर्शक सरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग परीक्षक बाईंनी एक चिठ्ठी लावलेलं पान उघडलं.

"पान एकशे बारा. कार्यालयाकडून चुकीची नोंद झाली, असं लिहिलंय. कार्यालय म्हणजे कोण?"

सरांनी घाईनं उत्तर द्यायला सुरुवात केली, मॅडम, प्रशासकीय पातळीवर. परीक्षकांनी हात वर केला आणि म्हणाल्या, मी ह्यांना विचारलंय. एका शब्दात सहा वर्षं जाणार होती, आणि तो शब्द बाईंच्या ओठावर आलेला मला दिसत होता. मी मान हलवून नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या तिसऱ्या रांगेकडे बघत होत्या.

"मी," बाई म्हणाल्या. "खिडकीत अकरा वर्षं मीच बसते. पोरांना न विचारता मीच कारण लिहिलं."

"म्हणजे तुमची मूळ सामग्री तुम्हीच तयार केलीत."

"हो. तेव्हा ती सामग्री आहे हे माहीत नव्हतं. ते काम होतं, आणि मी ते उरकत होते."

परीक्षकांनी पुस्तक मिटलं. सरांनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेत काठी आपटली. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, घरकामाचं कोणी लिहिलं म्हणालात? तिथल्या शिपायानं त्यांना खाली बसवायला धाव घेतली. ह्या कोण, असं परीक्षकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, माझ्या प्रबंधात एक मुलगी आहे, तिच्या आजी. परीक्षक बाईंनी शिपायाला हातानंच थांबवलं आणि म्हणाल्या, मग त्यांना उत्तर द्या.

बाई टेबलामागून पुढे आल्या.

"आजी, तुमच्या नातीच्या नावापुढे चौतीस वेळा घरी काम लिहिलंय. चौतीसही वेळा मी लिहिलंय, तिला न विचारता. तुमच्या सुनेनं तिला कामाला लावलं नव्हतं. पत्र चुकीचं होतं."

आजी सुनेकडे वळल्या. "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते," सून म्हणाली. "तुम्ही म्हणालात, शाळेत लिहिलेलं खोटं कसं असेल?"

आजी खाली बसल्या. परीक्षक मंडळी आतल्या खोलीत गेली, ती वीस मिनिटं बाहेर आली नाही. त्या वीस मिनिटांत मी बाईंना वाटेल तसं बोलले. जिभेला हाड नाही, सहा वर्षांचं मातेरं केलंत, असं सगळं. त्या नुसत्या पाणी पीत होत्या. मिस्टर म्हणाले, मावशी, आता गप्प बसा, नाहीतर मी रडेन. मग दार उघडलं. परीक्षक बाईंनी उभं राहून वाचलं की पदवीची शिफारस केली आहे, एका दुरुस्तीसह. पान एकशे बारावर कार्यालय हा शब्द खोडून तिथे मी असं लिहावं.

मिस्टर ढसाढसा रडले. मीही रडले, पण तोंड भिंतीकडे करून. सरांनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीसुद्धा. बाई मात्र हसत उभ्या होत्या, पट्टा सुटलेल्या हातानं कोणाकोणाचा नमस्कार घेत.

गर्दी ओसरली तशा आजी हळूहळू पुढे आल्या. अभिनंदन वगैरे काही केलं नाही. बाईंकडे एकदा नीट पाहिलं, मग सुनेला म्हणाल्या, मी सगळीकडे सांगितलं होतं, आता मीच सगळीकडे सांगून येईन. चल, आधी तुझ्या आईकडे जाऊ. आजींनी काठी नातीकडे दिली, सुनेचा हात धरला आणि त्या तिघी जिना उतरायला लागल्या.